छिलुका : चिडाच्या एका ढलपीचा इतिहास



आज मी एक दुरुस्ती घेऊन बसलोय, आणि ती करायला थोडा वेळ लागणार आहे. वणव्यांवरच्या भागात मी एक वाक्य सहज बोलून गेलो होतो. १९२१ साली कुमाऊँच्या लोकांनी रागाच्या भरात आपलीच जंगलं पेटवून दिली, असं ते वाक्य. त्यानंतर मला एक पत्र आलं. लिहिणाऱ्या बाई पिथोरागढच्या बाजूच्या, लग्न होऊन नागपुरात आलेल्या, आणि पत्र चक्क मराठीत. त्यांचं म्हणणं दोन ओळींचं होतं. आमचं जंगल आम्ही जाळलं नव्हतं. जे जाळलं ते कागदोपत्री आमचं राहिलंच नव्हतं, आणि आम्ही काय जाळलं, काय ठेवलं, ते एकदा नीट बघा.

मग मी बघायला लागलो. पुस्तकं नंतर आली. पहिल्यांदा हातात आली ती ही ढलपी. कॅमेऱ्याजवळ धरतो. वीतभर लांब, बोटाएवढी जाड, मधासारखा रंग. ई-बुक वाचणाऱ्यांना वास घेता येणार नाही, पण घरी नवा ऑइल पेंट लावताना टर्पेंटाइनचा जो वास येतो, तोच, फक्त जरा गोडसर. कुमाऊँत हिला छिलुका म्हणतात, गढवालात छिल्ला. अल्मोड्याच्या वरच्या एका गावात मी उतरलो होतो, त्या घरातल्या आजींनी ती मला दिली. तिकडे आजीला आमा म्हणतात, मीही तेच म्हणायला लागलो.

आदल्या रात्री पाऊस झाला होता. अंगणात रचलेली लाकडं ओली. आपल्याकडे अशा वेळी गोवरीवर रॉकेल शिंपडायचं, नाहीतर जुनी वर्तमानपत्रं कोंबून फुंकणीने जीव जाईपर्यंत फुंकायचं. आमांनी कोनाड्यातून एक छिलुका काढला, कोयत्याने त्याचे चार पातळ तुकडे केले, एकाला काडी लावली. तो मेणबत्तीसारखा पेटला. ज्योत मोठी, पिवळी, आणि वर काजळाची दोरी. त्यावर बांजाच्या ओल्या काटक्या ठेवल्या आणि पाच मिनिटांत चहाचं आधण. स्वयंपाक मात्र चिडावर करत नाहीत, भांडी काळी होतात आणि डोळे चुरचुरतात. चीड पेटवायला, बांज रांधायला. ही विभागणी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ही ढलपी येते कुठून? चिडाचं झाड हिमालयात साधारण पाचशे ते दोन हजार मीटर उंचीवर वाढतं. पानं म्हणजे लांब सुया, तीन-तीनच्या झुबक्यात. झाडाला जखम झाली की ते राळेचा चीक त्या जागी पाठवतं. तिकडे त्याला लीसा म्हणतात. वीज पडली, फांदी मोडली, बुंधा भाजला, की आजूबाजूचं लाकूड या चिकाने भरून जातं. पुढे झाड मेलं, पडलं, बाहेरचं लाकूड कुजून गेलं, तरी हा राळ मुरलेला गाभा तसाच राहतो. पाण्याने कुजत नाही, वाळवी फारशी लागत नाही. बायका जंगलातून येता-जाता जुने खुंट, पडलेल्या ओंडक्यांचे गाभे कोयत्याने उकरतात आणि पाठीवरच्या भाऱ्यात खोचून आणतात. त्यासाठी वेगळी फेरी कुणी मारत नाही. वेचून आणायची वस्तू.

राळ आपल्याला अनोळखी नाही. दशावतारात राक्षस रंगमंचावर येताना पलित्यावर राळ उडवतात आणि भपकन जाळ होतो, ते कोकणातल्या मंडळींनी पाहिलं असेल. आरोपांची राळ उडवली असं आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. छिलुका म्हणजे निसर्गानेच राळ भरून ठेवलेला पलिता.

रॉकेल डोंगरात पोचण्याआधी रात्रीचा उजेड हाच होता. घरात दगडावर ठेवलेला जळता तुकडा, आणि बाहेर जाताना हातात चार-पाच छिलुक्यांची जुडी. जागर लागतो तेव्हा धुनी पेटवायला हाच, आणि नदीकाठी चिता पेटवायलाही हाच. गढवालात दिवाळीला बग्वाळ म्हणतात, आणि तिच्यानंतर अकरा दिवसांनी इगास. त्या रात्री छिल्ल्यांच्या जुड्या वेलीच्या दोराने बांधून पेटवतात आणि डोक्याभोवती गरगरा फिरवत नाचतात. त्याचं नाव भैलो. अंधारात डोंगराच्या उतारावर अशी आगीची चक्रं फिरताना पाहणं हा एक अनुभव आहे, मोबाइलमध्ये तो मावत नाही. मी प्रयत्न केला होता.

संस्कृतात या झाडाला सरल म्हणतात. मेघदूतात यक्ष ढगाला सांगतो की हिमालयात सरल वृक्षांचे बुंधे एकमेकांवर घासून वणवा लागला असेल आणि चमरी गाईंच्या शेपट्या होरपळत असतील, तर पाऊस पाडून तो विझव. रामटेकला कालिदासाचं स्मारक पाहायला आपण जातो, पण चिडाचं जंगल जळतं ही गोष्ट त्या काव्यात आहे हे मला तिथे कुणी सांगितलं नव्हतं. बुंधे घासून आग लागते हे आजचा वनाधिकारी मान्य करणार नाही, बहुतेक आगी माणसांच्या हातूनच लागतात. पण चीड पेट घेतो हे दीड हजार वर्षांपूर्वी सगळ्यांना माहीत होतं, एवढं खरं.

आता इंग्रज. १८१५ साली गुरख्यांकडून कुमाऊँ त्यांच्या हाती आलं. १८२३ साली ट्रेल नावाच्या कमिशनरने गावांच्या शिवा ठरवून दिल्या. विक्रम संवताचं ते १८८० साल, म्हणून त्या हद्दीला लोक अजून अस्सी सालाची हद्द म्हणतात. त्या शिवेत शेत होतं, कुरण होतं, जंगलही होतं. सरकारला त्या काळी चिडाचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना हवा होता देवदार, तोही पुढे रेल्वे आल्यावर, स्लीपरसाठी. टिहरी संस्थानात फ्रेडरिक विल्सन नावाचा माणूस देवदार तोडून भागीरथीत सोडत होता आणि गडगंज झाला होता. १८६५ मध्ये सरकारने तीच जंगलं भाडेपट्ट्याने घेतली. चिडाचं लाकूड स्लीपरला चालत नसे, लवकर कुजायचं. तोवर गावाची ढलपी गावाकडेच होती, कुणी विचारायला येत नव्हतं.

चिडाला किंमत आली ती दोन कारणांनी. एक तर लीसा. १८९० च्या दशकात कुमाऊँत बुंध्याला खाच पाडून, खाली भांडं अडकवून चीक गोळा करायला सुरुवात झाली. तो उकळला की वाफेतून टर्पेंटाइन मिळतं आणि तळाशी राळ उरते. रंग, वार्निश, साबण, कागद, सगळीकडे त्याची गरज. दुसरं म्हणजे, क्रिओसोट पाजलं की चिडाचंही स्लीपर टिकतं हे प्रयोगांतून लक्षात आलं. मग पहिलं महायुद्ध आलं, परदेशी माल आटला, आणि कालपर्यंतच्या फालतू झाडावर साम्राज्याची नजर बसली.

त्याची कागदी तयारी आधीच झालेली होती. १७ ऑक्टोबर १८९३ ला एक अधिसूचना निघाली. ज्या जमिनीची मोजणी झालेली नाही, म्हणजे बेनाप जमीन, ती सगळी संरक्षित जंगल. गावाच्या अस्सी सालाच्या हद्दीतली कुरणं, झाडं, ओढ्याकाठची पडीक जागा, सगळं एका कागदाने सरकारचं. पुढे १९११ ते १९१७ या काळात त्यातला मोठा भाग राखीव झाला. आता गुरं किती चारायची, फांद्या कुठल्या तोडायच्या, सरपण किती न्यायचं, यावर खात्याचा पहारा. उन्हाळ्याच्या तोंडी चिडाच्या वाळक्या सुया म्हणजे पिरूल जाळायची पद्धत होती. त्या सुयांच्या थराखाली गवत उगवत नाही, आणि त्यावरून पाय घसरून गुरंच काय, बायकाही दरीत जातात. जाळलं की पावसाबरोबर कोवळं गवत येतं. तेही आता गुन्हा झालं.

कायद्याची भाषा बघण्यासारखी आहे. १९२७ चा भारतीय वन कायदा आजही लागू आहे, १८७८ च्या जुन्या कायद्याचीच ती सुधारलेली आवृत्ती. त्याच्या २६ व्या कलमात राखीव जंगलात आग लावणं हा गुन्हा आहे, हे समजण्यासारखं. पण परवानगीच्या काळाखेरीज विस्तव पेटवणं, पेटता ठेवणं, आणि नुसता घेऊन जाणं हाही गुन्हा. दोन गावांच्या मध्ये राखीव जंगल. रात्री कुणाची सून अडली, सुईणीला आणायला जायचंय, हातात छिलुक्याची मशाल. कलमाप्रमाणे तो माणूस गुन्हेगार. आणि मशाल ज्या खुंटातून उकरली, ते लाकूडही वनोपज, म्हणजे दुसरा गुन्हा. हे मी ताणून सांगत नाही, कलम वाचून पाहा.

याच काळातली दुसरी गोष्ट याच्या शेजारी ठेवा. कुमाऊँत बेगार होती, तिकडे तिला कुली उतार म्हणत. साहेब दौऱ्यावर निघाला की गावाने आळीपाळीने त्याचं सामान वाहायचं. पधान, म्हणजे गावचा पाटील, त्याच्याकडे नावांची वही असे. आणि या उताराबरोबरच असे कुली बर्दायश, म्हणजे साहेबाच्या तळावर दूध, धान्य, गवत आणि सरपण पोचवायचं, फुकट किंवा नावाला पैसे घेऊन. म्हणजे असं बघा. मंगळवारी एखाद्याने चुलीसाठी जंगलातून ढलपी आणली तर त्याच्यावर खटला. बुधवारी साहेबाचा तंबू पडला, थंडी आहे, बाहेर शेकोटी हवी, तर तीच ढलपी, त्याच जंगलातून, त्याच माणसाने आणायची, आणि नाही आणली तर दंड. दोन्ही वेळा लाकूड सरकारचं, कष्ट गावाचे. मी जेव्हा हे दोन कागद शेजारी ठेवले तेव्हा माझं ते जुनं वाक्य मला टोचायला लागलं.

१४ जानेवारी १९२१. बागेश्वरला सरयू आणि गोमती यांच्या संगमावर उत्तरायणीची जत्रा, म्हणजे आपली संक्रांत. बद्रीदत्त पांडे, हरगोविंद पंत, चिरंजीलाल ही मंडळी बोलायला उभी राहिली. हजारो लोकांनी सरयूचं पाणी हातात घेऊन यापुढे उतार देणार नाही अशी शपथ घेतली, आणि गावागावच्या पधानांनी बेगारीच्या वह्या नदीत सोडल्या. अल्मोड्याचा डेप्युटी कमिशनर तिथे हजर होता, पण त्याच्यापाशी माणसं मोजकी आणि समोर जनसागर. गोळी चालली नाही. बेगार तिथेच मोडली.

त्या वर्षीचा हिवाळा कोरडा गेला. उन्हाळ्यात चिडाची जंगलं पेटायला लागली. काही आगी चुकून लागल्या असतील, काही नेहमीच्या गवतासाठी. पण बऱ्याच मुद्दाम लावलेल्या होत्या, यावर सरकार आणि नंतरचे अभ्यासक दोघांचं एकमत आहे. आता इथे पत्र लिहिणाऱ्या बाईंचा मुद्दा. रामचंद्र गुहांनी ‘द अनक्वाएट वुड्स’ या पुस्तकात हा सगळा इतिहास मांडला आहे, १९८९ चं पुस्तक. त्यात एक गोष्ट स्पष्ट दिसते. जळली ती चिडाची जंगलं, ज्यांत खात्याचा पैसा गुंतला होता. बांजाची, रुंद पानांची जंगलं, ज्यातून चारा, खत, रांधायचं जळण आणि झऱ्यांचं पाणी मिळतं, ती लोकांनी जवळजवळ शाबूत ठेवली. रागाच्या भरात माणूस असं निवडून जाळत नाही. आमांच्या चुलीजवळची विभागणी आठवा. चीड पेटवायला.

आणि ही जंगलं एवढी का पेटली, त्याचं उत्तर ढलपीतच आहे. लीसा काढण्यासाठी खात्याने एकेका बुंध्याला खाच पाडली होती. खाच पाडली की तिथे चीक जमतो, लाकूड राळेने भरतं. लोक ज्याच्यासाठी जुने खुंट शोधत फिरायचे, ती वस्तू खात्याने लाखो उभ्या झाडांच्या बुंध्याशी तयार करून ठेवली होती, आणि खाली फूटभर पिरूल पसरलेला. एक काडी पुरे. जंगलात साठवलेला लीसाही गेला. वणवा विझवायला गावाने धावून यायचं असा कायदा होता. त्या वर्षी फारसं कुणी धावलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण समित्यांचा इतिहास सगळीकडे सारखाच असतो. त्याच वर्षी कमिशनर विंडहॅमच्या अध्यक्षतेखाली गाऱ्हाणी ऐकायला समिती बसली. तिच्या शिफारशीवरून राखीव जंगलाचे दोन वर्ग झाले. पहिल्या वर्गातली, म्हणजे व्यापाराला निरुपयोगी जंगलं महसूल खात्याकडे गेली आणि तिथली बंधनं सैल झाली. दुसऱ्या वर्गातली, म्हणजे मुख्यतः चिडाची आणि देवदाराची, वनखात्याकडेच राहिली. १९२२ मध्ये गोविंद वल्लभ पंतांनी कुमाऊँच्या जंगल प्रश्नावर एक पुस्तिका लिहिली, त्यात वकिलाच्या शिस्तीने या सगळ्या अधिसूचनांचा समाचार घेतला आहे. जाता जाता, कुमाऊँचे पंत आपला मूळ पुरुष महाराष्ट्रातून आला असं सांगतात. घराण्याची परंपरा म्हणून ऐकावं. १९३१ साली वनपंचायतीचे नियम झाले आणि गावाला स्वतःचं जंगल स्वतः राखायचा हक्क मिळाला. आज उत्तराखंडात अशा अकरा-बारा हजार वनपंचायती आहेत. टिहरी संस्थानात मात्र ३० मे १९३० ला यमुनेकाठी तिलाडीला जंगलाच्या हक्कासाठी जमलेल्या लोकांवर राजाच्या फौजेने गोळ्या चालवल्या. सरकार गोरं नव्हतं एवढाच फरक.

चीड मात्र पसरतच गेला. त्याची जाड साल त्याला आगीतून वाचवते, बांजाचं रोप वाचत नाही. मीराबहन सेवाग्राममधून पुढे हिमालयात गेल्या, स्वातंत्र्यानंतर भिलंगणेच्या खोऱ्यात राहिल्या, आणि बांज मागे हटतोय, चीड वर सरकतोय, झरे आटताहेत, हे त्यांनी तेव्हाच लिहून सरकारपुढे ठेवलं. फार कुणी ऐकलं नाही. चिपको म्हटलं की आपल्याला रेणीच्या गौरादेवी आठवतात, पण मला त्यातलं एक दृश्य जास्त महत्त्वाचं वाटतं. १९७७ च्या सुमारास हेंवल खोऱ्यात कार्यकर्त्यांनी लीसा काढायला चिडांत ठोकलेली लोखंडी पाती उपसली आणि त्या जखमांवर माती लिंपून गोणपाटाच्या पट्ट्या बांधल्या. छप्पन वर्षांपूर्वी ज्या झाडाखाली लोकांनी काडी टाकली होती, त्याच जातीच्या झाडाला मलमपट्टी. झाडाशी वैर नव्हतंच.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर पुढच्या भागात पुन्हा दुरुस्ती करावी लागेल. छिलुका नेहमी पडलेल्या लाकडातूनच येतो असं नाही. उभ्या झाडाच्या भाजलेल्या बुंध्यातून लोक कोयत्याने ढलप्या काढतात, वर्षानुवर्षं काढतात. बुंधा उंदराने कुरतडल्यासारखा एका बाजूने पोकळ होतो, पुढची आग त्या राळेच्या जखमेत शिरते आणि वादळात झाड कोसळतं. वनखात्याची ही तक्रार फार जुनी आहे आणि खरी आहे. मी अशी झाडं पाहिली. आमांना विचारलं तर त्या म्हणाल्या, शहाणी बाई खुंटातून घेते, आळशी बाई उभ्या झाडातून. मग जरा थांबून म्हणाल्या, पण बेटा, खुंट आता राहिलेत कुठे? १९८१ पासून हजार मीटरच्या वर हिरवं झाड तोडायला बंदी आहे. तोड नाही तर नवे खुंट नाहीत.

आणि आगी अजून लागतात. १३ जून २०२४ ला बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेले चार वनकर्मचारी जळून गेले. अल्मोड्याच्या लोकांच्या ओळखीतली, तिथलीच माणसं. त्या गावात मी असताना त्यांचा विषय रोज निघायचा, आणि तेव्हा १९२१ च्या शौर्याच्या गोष्टी कुणी सांगत नसे. त्याच उन्हाळ्यात सरकारने पिरूल गोळा करणाऱ्यांना पैसे द्यायची मोहीम जाहीर केली. घरोघरी गॅस आला आहे, तरी सिलिंडर संपला की, किंवा पाहुणे आले आणि अंगणात शेकोटी लावायची असली की, कोनाड्यातून छिलुकाच निघतो.

निघताना आमांनी ही ढलपी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि म्हणाल्या, पिशवीच्या तळाशी ठेव, वर नको. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. जंगलातलं लाकूड खाली न्यायला खात्याचा परवाना लागतो, तिकडे त्याला रवन्ना म्हणतात.

काठगोदामच्या अलीकडे एका नाक्यावर आमची जीप थांबली. काठगोदाम म्हणजे लाकडाचं गोदाम, गौला नदीतून वाहून आणलेले ओंडके तिथे रचत, आणि १८८४ मध्ये रेल्वे तिथवर पोचली. शिपाई तरुण होता. त्याने सगळ्यांचं सामान वरवर पाहिलं, माझ्या पिशवीत हात घातला आणि नेमका तो कागद बाहेर काढला. उघडला, ढलपी नाकाजवळ नेली.

“चुलीला?” त्याने विचारलं.

“नाही, लोकांना दाखवायला.”

त्याने पुन्हा एकदा वास घेतला, कागद होता तसाच घडी घातला आणि पिशवीच्या तळाशी ठेवला.